उणे दीड बादली

बचत करायची तर आधी उधळपट्टी असावी लागते, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक नव्हते. ते बिचारे पहिल्यापासूनच जपून वापरत राहिले, आणि एकही अनुदान न मिळवता गेले.

आमच्या शहराचे तसे होऊ नये म्हणून पाणीपुरवठा खाते जागे आहे. (खाते तिसऱ्या मजल्यावर आहे. तिथवर पाणी चढत नाही, त्यामुळे डुलकी आली तर तोंडावर मारायला काही नसते. तरीही जागे आहे.) याच खात्यात मी कारकून. पुढे जे घडले ते मी अर्धे माझ्या टेबलावरून पाहिले आणि अर्धे माझ्या घरच्या मोरीतून.

झाले असे, की वर कुठेतरी असलेल्या एका जलबचत निधीने जाहीर केले : ज्या घरात ढसाढसा पाणी पिणारे जुने वॉशिंग मशीन असेल, त्या घराने ते टाकावे आणि कमी पाण्यावर चालणारे नवे घ्यावे, निम्मी किंमत निधी परत देईल. पैसे शहराकडे येणार, शहर ते घरोघर वाटणार. शहराने एवढेच सिद्ध करायचे, की दर धुण्यामागे किती पाणी वाचेल.

मला या योजनेत घरगुती रस होता. आमच्या घरात आम्ही तीन पुरुष : दादा, म्हणजे माझे वडील, माझा धाकटा भाऊ आणि मी. शिवाय आत्या. आई गेली तेव्हा आत्या चार दिवसांसाठी म्हणून आली. ते चार दिवस अजून सरलेले नाहीत. घरचे सगळे धुणे तिच्या हातचे. हल्ली तिची मनगटे सुजून येत. डॉक्टर म्हणाले, "पिळणं बंद करा, नाहीतर उद्या या हातांनी घाससुद्धा उचलता यायचा नाही." आम्ही तिघेही हादरलो. रात्री बसून सखोल चर्चा केली आणि एकमताने ठरवले, की मशीन घ्यायचे. निम्मे पैसे दुसरे कोणी देत असेल तर. मशीनशिवाय काही उपाय आहे का, हेही सगळ्या बाजूंनी तपासले. नव्हता.

तेव्हा शहराला अनुदान मिळणे आणि आत्याचे हात वाचणे या दोन गोष्टी एकाच अर्जावर येऊन टेकल्या.

अर्ज लिहायला बाहेरून सल्लागारबाई आणल्या. त्यांचा लौकिक मोठा. एका शहराला त्यांनी समुद्र नसताना बंदरासाठी पैसे मिळवून दिले आहेत. (बंदर पूर्ण झाले. समुद्राचा प्रस्ताव विचाराधीन आहे.) त्यांच्या सांगण्यावरून आम्ही दारोदार फिरून धुण्याच्या बादल्या मोजल्या. निष्कर्ष असा निघाला, की आमच्या शहरात एका घरचे धुणे अडीच बादल्यांत होते. पाणी वाचवणारे नवे मशीन चार बादल्या घेते. म्हणजे दर धुण्यामागे होणारी बचत : उणे दीड बादली. तिला घरांच्या संख्येने गुणल्यावर, निधीने शहराला पैसे देण्याऐवजी शहरानेच निधीला एक तलाव द्यावा, असे उत्तर आले. आम्ही तीनदा गुणले. तलाव हलला नाही.

मोठे साहेब फार व्यथित झाले.

"लोक इतके चिक्कू कसे झाले हो?" त्यांनी मला विचारले.

"साहेब, पाणी सकाळी एकच तास येतं."

"कोण सोडतं?"

"आपणच."

साहेबांनी ही माहिती लिहून घेतली.

सल्लागारबाई मात्र शांत होत्या. "तुमचे लोक वाईट नाहीत," त्या म्हणाल्या, "त्यांना वळण नाही. आधी सांडायला शिकवा. वाचवायचं मग आपोआप येतं, पैशासकट."

नमुना म्हणून आमचीच गल्ली निवडली. चाळीस घरे, चोवीस तास पाणी. पहिल्या दिवशी लोकांनी ड्रम भरले, हंडे भरले, कुकर भरले, फुलदाण्या भरल्या. एका आजोबांनी कवळीचा पेलासुद्धा काठोकाठ भरून कपाटात कुलूपबंद ठेवला. तिसऱ्या दिवशीही पाणी जाईना, तेव्हा गल्लीने सुस्कारा सोडला आणि नळ बंद केले. आता साठवणे नको, म्हणून शिळे पाणी ओतून देणेही थांबले. महिन्याने मीटर वाचले. अडीचवरून दोन.

साहेबांनी कपाळाला हात लावला. मग प्रशिक्षण काढले.

प्रशिक्षक म्हणून टेकडीवरचे एक निवृत्त गृहस्थ मानधनावर बोलावले. ते रोज सकाळी गाडी, फाटक आणि समोरचा रस्ता पाइपने धूत. (गाडी त्यांनी मागेच विकली होती. तिची जागा धूत.) गल्लीने त्यांचे नाव पाइपकाका ठेवले. अभ्यासक्रम सोपा होता : पहिल्या आठवड्यात नळ सोडून फोन घ्यायला जाणे, दुसऱ्यात, फोन झाल्यावर आपण कशाला उठलो होतो ते विसरणे, आणि हुशार विद्यार्थ्यांसाठी, दाढी.

आत्याने मनापासून शिकायचे ठरवले होते. मशीन तिलाच तर हवे होते.

"आत्याबाई, नळ सोडा. आता तिकडं बघू नका, माझ्याकडं बघा," पाइपकाका म्हणाले.

आत्याने बघितले. नळ बंद झाला.

"बंद का केलात?"

"मी कुठं केला? हात गेला."

"हाताला सांगा ना."

"तो माझं ऐकत असता तर सुजला असता का हो, भाऊ?"

हात पाठीशी धरायला लावले, तर तिने कोपराने बंद केला. मन दुसरीकडे वळावे म्हणून पाइपकाकांनी तिला काहीतरी गुणगुणायला सांगितले. आत्याने डोळे मिटले आणि म्हटले :

पाणी आलं दारी माझ्या, जशी माहेरची सई
हिला उभी कशी ठेवू, बसायला दे गं बाई

आणि डोळे न उघडताच तिने नळाखाली घागर सरकवली. पाइपकाकांनी डोळे टिपले आणि जाता जाता गल्लीतले चाळीसही नळ स्वतःच्या हाताने घट्ट केले. (मानधन परत करण्याची नोटीस त्यांना पाठवली आहे. त्यांच्या दारातला रस्ता हल्ली धुळीने भरलेला असतो, असे पोस्टमन सांगतो.)

माणसे सुधारत नाहीत म्हटल्यावर यंत्रांवर भिस्त ठेवणे भाग होते. शहराने भंगारातून चाळीस जुनी मशीन खरेदी केली आणि घरटी एक वाटली, म्हणजे पुढे ती टाकून देता येतील. एकेक मशीन चौदा बादल्या प्यायचे. धुवायचे, पण पिळायचे नाही. पिळायचा भाग भंगारवाल्याने आधीच काढून विकला होता. आमचे मशीन चालू झाले की थरथरत मोरीतून बाहेर पडे आणि चालत चालत दादांच्या खुर्चीपाशी येऊन थांबे. दादा पाय वर घेत आणि पेपर वाचत राहत. आत्या त्याला 'थोरल्या जाऊबाई' म्हणायची : "पिते चौदा बादल्या, करते अर्धं काम, आणि मधे मधे येते ते वेगळंच."

पण चौदा बादल्या गटारात जाताना चाळीस बायकांना बघवेना. एकीने आपल्या मशीनचा सांडपाण्याचा पाइप खिडकीतून शेजारणीच्या मशीनमध्ये सोडला. तिने तिच्या शेजारणीच्या. आठवड्याभरात अख्ख्या गल्लीचे धुणे त्याच चौदा बादल्यांत होऊ लागले. गल्लीतले सगळे पांढरे कपडे एकाच फिकट जांभळ्या रंगाचे झाले, आणि लांबून बघणाऱ्याला वाटे, की ही कुठल्याशा शिस्तबद्ध पंथाची वसाहत असावी. घरटी वापर अर्ध्या बादलीच्याही खाली गेला. साहेब दोन दिवस रजेवर गेले.

यात आत्याचे एकच झाले. मशीनमधून कपडे निथळत, दगडासारखे जड होऊन निघत. आता ती डाव्या हाताने उजवे मनगट आवळून धरी आणि मग पिळी. वाटी उचलताना तिच्या हातून वाटी सुटू लागली. आम्ही तिघे तिला रोज धीर देत होतो, की अर्ज अंतिम टप्प्यात आहे.

अखेर निधीकडून तपासनीसबाई आल्या, आणि तपासणीला साहेबांनी आमचेच घर दाखवले. त्या दिवशी सगळे जोडपाइप काढून लपवले होते, चाळीस मशीन एकदम सुरू केली होती, आणि गटार असे खळाळत होते की सल्लागारबाईंना भरून आले. तपासनीसबाईंनी मीटर वाचला आणि 'सध्याचा वापर : घरटी चौदा बादल्या' असे लिहिले. साहेबांनी फाइलीआड माझा हात दाबला.

मग तपासनीसबाईंची नजर आत्याच्या मनगटावरच्या पट्टीवर गेली.

"हे कशानं, आत्या?"

"पिळून."

"फार कपडे असतात का?"

"माझे दोन. बाकी ह्यांचे."

तपासनीसबाईंनी आमच्याकडे पाहिले. दादा पेपर वाचत होते. धाकटा मोबाइल बघत होता. मी फाइल धरून उभा होतो.

"ह्यांच्या हातांना काय झालंय?"

आत्या आमच्या सहा हातांकडे एकेक करून बघत राहिली. असे तिने यापूर्वी कधी बघितले नव्हते.

"अगंबाई," ती हळूच म्हणाली, "मी कधी विचारलंच नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याने अर्ध्या बादलीत आपले दोन कपडे खळबळले, न पिळताच दोरीवर टाकले आणि उन्हात पाय पसरून बसली.

"आत्या, आमचे?" मी विचारले.

"आहेत की मोरीत. कुठं जात नाहीत ते."

शेजारणीने भिंतीवरून विचारले, आत्याने सांगितले. भिंतीवरून सांगितलेली गोष्ट आमच्या गल्लीत पाण्यापेक्षा लवकर पोचते. ती साहेबांच्या घरीही पोचली. आठवड्याने गल्लीतल्या चाळीस दोऱ्यांवर फक्त बायकांचे कपडे वाळत होते, आणि महिन्याने मीटर वाचला तेव्हा साहेब खुर्चीवरून उठून चक्क नाचले. पूर्वीचा वापर चौदा बादल्या, आताचा अर्धी. दर धुण्यामागे बचत साडेतेरा बादल्या, आणि तीही अधिक. एवढी बचत जगातल्या कुठल्याही मशीनने आजवर केलेली नाही. निधीने अनुदान मंजूर केले.

मंजुरीचा समारंभ उघड्या मैदानात झाला. (सभागृह ठरले होते, पण पहिल्या रांगेत बसायला कोणी तयार होईना.) साहेबांनी पाचव्या आठवड्यातल्या सदऱ्यात भाषण केले. सवलतीचा पहिला कागद आत्याच्या नावाचा होता. तिने तो उलटसुलट पाहून परत केला.

"दोन कपड्यांना कशाला रे मशीन? ज्यांचा ढीग आहे त्यांना द्या."

तिची सूज उतरली आहे. परवा कित्येक दिवसांनी तिने स्वतःची वेणी स्वतः घातली, आणि गाठ मारून झाल्यावर हात फिरवून दोन्ही बाजूंनी बघितले. आम्ही तिघेही बरे आहोत. मोरीतल्या ढिगाबाबत काय करता येईल, यावर रोज रात्री सखोल चर्चा चालते. कालच्या बैठकीत धाकट्याने बादली या शब्दाचा उल्लेख केला, पण तो कामकाजातून वगळण्यात आला.

वाचकहो, तुम्ही हसलात, खात्याची हरकत नाही. फक्त आता अंगातल्या कपड्याची कॉलर नाकाशी नेऊन बघा. स्वच्छ आहे? मग तो कोणी पिळला, ते आठवून पाहा. आठवत नसेल, तर अभिनंदन : तुमच्या घरी साडेतेरा बादल्यांची बचत अजून शिल्लक आहे, आणि ती कोणत्या दिवशी सुरू करायची ते तुमच्या हातात नाही.