ईशान्येचा जिना

त्रिवेणीबाईंच्या विक्रमला एकच खोड होती, पण ती मुळावर येणारी. सरळ बोलून होणारं काम तो अक्कल लावून बिघडवायचा.

नल्लकुंट्यातली तीन मजली बिल्डिंग विकायची होती. गुडघे गेलेली मालकीण तिसऱ्या मजल्यावर आणि तळमजल्यावर मुकुंदराव, सासऱ्यांच्या काळातल्या किरायावर. कायद्याने किराया वाढेना, माणूस हलेना. बिल्डिंग विकली तर तारनाक्याला लिफ्टचा फ्लॅट. नाहीतर बाई आता एकदाच खाली उतरणार होत्या, चौघांच्या खांद्यावर.

घेणारा मिळाला, पण त्याला जागा रिकामी हवी होती. बाई म्हणाल्या, मुकुंदरावांशी मी बोलते. विक्रमने त्याऐवजी एक वास्तूवाला आणला. त्याने होकायंत्र फिरवून मुकुंदरावांना सांगितलं, जिना ईशान्येला आहे, या घरात घात होणार. मुकुंदरावांनी त्याला चहा पाजला आणि विचारलं, घात मालकाचा की किरायेदाराचा? वास्तूवाला पडला शास्त्राचा माणूस. म्हणाला, दोष मालकालाच लागतो.

"मग आम्हाला कशाची परेशानी?" मुकुंदराव म्हणाले आणि त्यांनी खिडकीच्या नव्या जाळीचं माप घ्यायला माणूस बोलावला.

रविवारी घेणारा आला. या शहरात माणूस जावई न बघता करील, पण दिशा बघितल्याशिवाय घर घेणार नाही. मुकुंदरावांनी शेजारधर्म म्हणून त्याला सगळं सांगितलं. तो दिलेलं पाणीही न पिता गेला. बातमी दलालांत फिरली आणि विक्रमचा फोन गप्प झाला.

इथवर बाईंनी गिळलं असतं. पण सून भाग्यलक्ष्मीने धसका घेतला. आज मालक सासूबाई आहेत, उद्या तुम्हीच व्हाल, म्हणून ती रोज रडायला लागली. सगळं मीच रचलंय, असं विक्रम तिला परोपरीने सांगत राहिला आणि सांगता सांगता त्याच्याच छातीत धडधडायला लागलं. शेवटी त्याने तारनाक्याला दोन खोल्यांचा फ्लॅट किरायाने घेतला. लिफ्टवाला.

"आई, तू इथेच राहा," सामान उतरवताना तो म्हणाला. "आपलं कुणी नसलं तर मुकुंदराव वरपर्यंत पसरतील."

कपाटाला खालून मुकुंदरावांनीच हात लावला होता. बाई जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसल्या होत्या.

"विक्रम," त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं मी ह्या मुकुंदरावांना निघा म्हणतेय, हे हलले नाहीत. तुला मी कधी निघ म्हटलं नव्हतं. तारनाक्याचा मालक नशीबवान रे, न सांगता निघणारा किरायेदार मिळाला त्याला."