कुंडलिकआबा फ्रीव्हील काढतात

आंबवड्याच्या कुंडलिकआबांची सायकल चढ दिसला की दगा द्यायची. मागच्या चाकावरच्या फ्रीव्हीलचे दाते पार झिजले होते. पायडलवर जोर दिला की चेन कटकन सटकायची आणि आबांचे गुडघे हँडलला भेटून यायचे. परवा तर ते भर देवळासमोर आडवे झाले. शेवटी भोरला जाऊन त्यांनी बंडूच्या दुकानातून नवं फ्रीव्हील घेतलं.

बंडू म्हणाला, "आबा, सायकल ठिवून जा, सांच्यापतुर बसवून देतो."

पण बावीस वर्षं एसटी चालवलेल्या माणसाला हे कमीपणाचं वाटलं.

घरी आबांच्या बायकोनं, मंगलबाईंनी, अंगणभर ताडपत्रीवर नाचणी वाळत घातली होती. पानशेतच्या एका हॉटेलानं बचत गटाला पापडांची पहिलीच ऑर्डर दिली होती आणि दुपारी नाचणी गिरणीत जायची होती. "लांब बसा हं तिच्यापास्नं," असं बजावून त्या शेजारच्या रतनबाईकडे गेल्या. ऊन मात्र नेमकं नाचणीजवळच होतं, म्हणून आबा तिथंच बसले.

फ्रीव्हील अख्खं काढायला खास पाना लागतो. तो नव्हता, म्हणून आबांनी छिन्नी-हातोडी घेतली. तिसऱ्या ठोक्याला काहीतरी फिरलं. "म्हनं ठिवून जा!" आबा खुशीत पुटपुटले आणि त्यांनी दात्यांची चकती ओढली. फिरलं होतं ते नुसतं वरचं झाकण. आतले मोहरीएवढे पोलादी छर्रे भसकन नाचणीत सांडले.

एक छर्रा जरी गिरणीत गेला तर गिरणीचा दगड जाणार, पीठ जाणार, ऑर्डर जाणार. आणि मग मंगलबाईंसमोर उभं कोण राहणार? आबांनी जुन्या स्पीकरचं लोहचुंबक हुडकलं आणि नाचणीतून फिरवायला घेतलं. तासाभरात एकेचाळीस छर्रे जमले. पण मुळात होते किती? त्यांनी बंडूला फोन लावला.

"बंडू, फ्रीव्हीलमधी छर्रे किती असत्यात रं?"

"कुनी मोजल्यात आबा? का, काय झालं?"

"कुठं काय! सहज इचारलं."

मग त्यांना सुचलं. नवं फ्रीव्हील होतंच की! तेही तसंच, मग छर्रेही तेवढेच असणार. उघडायचं, मोजायचं, पुन्हा बंद करायचं. या खेपेला शहाणपण करून त्यांनी खाली परात ठेवली. ठोका हाणला. तो जरा जोरात बसला आणि झाकणाबरोबर परातही नाचणीत उलटली.

तेवढ्यात मंगलबाई आल्या.

"काय चाललंय?"

"नाचणी निवडतोय."

"तुमी?"

मंगलबाईंनी दोन्ही फ्रीव्हीलं पाहिली, चुंबक पाहिलं, आबांचं तोंड पाहिलं. त्यांनी काखेतली मोठी चाळण काढली आणि नाचणी चाळायला घेतली. नाचणी सरसर खाली गेली, छर्रे वर नाचत राहिले. आबांना लाज वाटली, पण हायसं त्याहून जास्त वाटलं.

"चाळण घिऊनच आलीस व्हय? तुला कुनी सांगितलं?"

"कुनी कशाला सांगाया पायजे? गेल्या साली तुमी पंखा खोललावता, तवापास्नं आमी गटातल्या समद्या बाया चाळल्याबिगर कायबी गिरणीला न्हेत न्हाई."

पंख्याचे दोन छर्रे तेव्हा हरवले होते, हे आबांनी आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. त्यांनी हळूच विचारलं, "घावलं का मग ते?"

"एक रतनबाईच्या दाढंखाली घावला," चाळण हलवत मंगलबाई म्हणाल्या. "दुसऱ्याची वाट बघतोय आमी."