मायदेशी प्रवास टाळावा

मसुदेराव त्या सोमवारी कचेरीत नेहमीपेक्षा अर्धा तास लवकर आले, आणि तिथेच सगळं बिनसलं. वेळेवर येणाऱ्या माणसाच्या चुका पकडायला आजूबाजूला चार जण असतात. लवकर येणाऱ्याच्या चुका थेट छापखान्यात जातात.

परदेशात कुठे दंगाधोपा सुरू झाला की तिथल्या आपल्या नागरिकांनी काय करावं आणि काय करू नये, हे सांगणारी पत्रकं काढणारा एक सरकारी विभाग होता. तिथे मसुदे लिहिण्याचं काम बावीस वर्षं एकाच माणसाकडे असल्यामुळे त्याचं नावच मसुदेराव पडलं होतं. लिहिण्याचं म्हणजे खरं तर उतरवण्याचं. नवं वाक्य लिहायचं नाही, हा विभागाचा दंडक होता. नव्या वाक्याचा काय अर्थ निघेल, कुणी सांगावं? त्यापेक्षा कपाटातला मंजूर नमुना काढायचा आणि देशाचं नाव तेवढं बदलायचं. नमुन्यात नावाची जागा कोरी ठेवली तर तो अपुरा ठरायचा आणि परक्या देशाचं नाव घातलं तर तो देश रुसायचा. म्हणून कुणा शहाण्याने तिथे आपल्याच देशाचं नाव घालून ठेवलं होतं. आपण काही आपल्यावर रुसणार नाही, असा हिशेब.

आता मसुदेरावांच्या घाईचं कारण. त्यांची बायको लेकीच्या बाळंतपणासाठी म्हणून दीड महिन्याकरता परदेशी गेली होती, त्याला पाच महिने होऊन गेले. निघताना तिने विचारलं होतं, "मी नसले तर तुमचं अडेल का हो?" आणि हा गृहस्थ म्हणाला होता, "तसं विशेष काही नाही." तेव्हापासून ती परतीचा विषय काढेना आणि "ये" हा एवढासा शब्द यांच्या तोंडून फुटेना. रविवारच्या फोनवर दोघं नातीच्या सर्दीबद्दल बोलत आणि ठेवून देत. सोमवारी सकाळी रेडिओवर बातमी आली, लेकीच्या देशाच्या राजधानीत दगडफेक सुरू झाली आहे. मसुदेरावांनी हातातला चहा ठेवून लेकीला फोन लावला. लेकीचं गाव राजधानीपासून लांब, तिथे सगळं शांत होतं, हे कळल्यावर त्यांची भीती ओसरली, आणि तिच्या जागी, सांगायला लाज वाटावी असा, आनंद झाला. आता "ये" आपण म्हणायला नको. सरकारच म्हणेल!

धावतपळत कचेरी गाठून त्यांनी नमुना उतरवला, खाली सही ठोकली आणि पत्रक सोडून दिलं. नाव बदलायचं राहिलं.

दहा वाजता फोन वाजला.

"अहो, तुमचं पत्रक आलं."

"वाचलंस ना?" मसुदेराव खुशीत म्हणाले. "मग कधी निघतेस?"

"निघतेस काय? येऊ नका म्हणून लिहिलंय की! आपल्या देशात अशांतता आहे, तिकडे प्रवास टाळावा, तिथे असाल तर खिडकीपासून दूर बसा, गर्दी टाळा, जमेल तेव्हा निघून या. खाली तुमची सही."

"अगं, काहीतरी चुकतंय तुझं..."

"माझं चुकतंय? पाच महिन्यांत एकदा 'ये' म्हणाला नाहीत. 'येऊ नको' मात्र छापून कळवलंत!"

फोन बंद झाला. मसुदेरावांनी पत्रकाची प्रत डोळ्यांसमोर धरली आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मग ते तीन वेळा फोन लावून थकले आणि प्रत घेऊन साहेबांकडे गेले.

साहेबांनी पत्रक दोनदा वाचलं. उठून खिडकीपासून दूरच्या खुर्चीत जाऊन बसले आणि मगच म्हणाले, "हे काय?"

"चूक झाली साहेब. मागे घेऊ या."

"घेऊ या काय? नियम काढा." साहेबांनी स्वतःच नियम काढला. "सूचना मागे घ्यायला त्या देशातल्या आपल्या वकिलातीचा अहवाल लागतो, परिस्थिती निवळली म्हणून. आपल्या देशात आपली वकिलात आहे का?"

"नाही साहेब."

"का नाही?"

"तशी... गरज पडली नव्हती आजवर."

"बघा आता पडली!" साहेबांनी कपाळाला हात लावला आणि पुढचं कलम वाचलं. "वकिलात नसेल तर, सूचना निघाल्यानंतर बाहेरून त्या देशात गेलेल्या एखाद्या नागरिकाचा सहीचा जबाब. मिळेल असा कोणी?"

"बाहेरच्यांना आपण येऊ नका म्हणून सांगितलंय, साहेब."

"मग बसा वाट बघत."

वाट बघत बसायला फुरसत मिळाली असती तरी बरं होतं. दुपारपासून देशातल्याच नागरिकांचे फोन सुरू झाले. एका शिंप्याने विचारलं, मशीन खिडकीशी आहे, ते भिंतीकडे ओढलं तर सुईत दोरा दिसत नाही, काय करू? एका शिक्षिकेने विचारलं, चाळीस मुलांचा वर्ग ही गर्दी धरायची का? मसुदेराव प्रत्येकाला "पत्रकाप्रमाणे वागावे" असं सांगत होते, कारण नवं वाक्य वापरायची परवानगी नव्हती.

पत्रकात शेवटी लिहिलं होतं की नागरिकांनी जवळच्या वकिलातीत नाव नोंदवावं. कुणाची वकिलात, ते लिहिलं नव्हतं. एरवी ते लिहावंही लागत नाही. मंगळवारी सकाळी लोक जवळची वकिलात शोधत निघाले, आणि सगळ्यात जवळची निघाली ती कचेरीच्या समोरची, लेकीच्या देशाची. अकरा वाजेपर्यंत रांग कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापर्यंत गेली. त्या वकिलातीचे राजदूत दोन रात्री आपल्या देशाच्या काळजीने झोपले नव्हते. त्यांना ही रांग दिसताच गहिवरून आलं. त्यांनी साहेबांना फोन केला.

"आमचं दुःख आहेच, पण तुमचंही कळलं. शंभर माणसं आम्ही सामावून घेऊ. आमच्याकडे राजधानी सोडली तर बरं चाललंय."

"आमच्याकडे काहीच झालेलं नाही हो," साहेब कळवळून म्हणाले.

"आमचं सरकारही पहिल्या दिवशी असंच म्हणत होतं," राजदूत समजुतीच्या सुरात म्हणाले.

रांग फार लांबली तेव्हा पोलीस आले आणि गर्दीत उभं राहू नका असं त्यांनी पत्रक दाखवून बजावलं. लोकांनी तेच पत्रक दाखवून नाव नोंदवण्याचं कलम वाचून दाखवलं. दोन्ही बाजू एकाच कागदावर बोट ठेवून भांडू लागल्या, त्याचे फोटो संध्याकाळच्या बातम्यांत आले, आणि शेजारच्या चार देशांनी आपापल्या नागरिकांना इकडे जाऊ नका म्हणून कळवलं. त्यावर देशातले स्वाभिमानी लोक खवळले. देशात अशांतता आहे असं म्हणतोच कोण, हे विचारायला बुधवारी मोर्चा निघाला. तो रांगेला येऊन भिडला. रांगेतल्यांना वाटलं हे मधेच घुसताहेत. मग जे व्हायचं ते झालं, आणि पहिला दगड मसुदेरावांच्या खिडकीतून आत आला.

"चला," साहेब टेबलाखालून म्हणाले, "निदान पत्रक खोटं तरी राहिलं नाही."

मसुदेरावांना दगडाचं काही वाटलं नाही. मंगळवारी सकाळपासून बायकोचा फोन लागतही नव्हता. लेकीचाही उचलला जात नव्हता. दगडफेक राजधानीतून गावापर्यंत पोचली असेल का? की ती इतकी रागावली आहे की आता बोलणारच नाही? दोन्ही शक्यता त्यांनी आलटूनपालटून घोळवल्या आणि कुठली जास्त वाईट ते त्यांना ठरवता येईना. बावीस वर्षांत प्रथमच त्यांना आपल्या पत्रकांची चीड आली. ज्याचं माणूस तिकडे अडकलंय, त्याला यातलं एक वाक्यही कामाचं नव्हतं.

तेवढ्यात खालचा गोंगाट एकदम कमी झाला. मसुदेरावांनी सूचना मोडून खिडकीतून पाहिलं. मोर्चा आणि रांग यांच्या बरोबर मधून एक बाई दोन बॅगा ओढत येत होती. "सरका जरा, सरका! एवढी धडधाकट माणसं, उन्हात काय उभी राहताय?" आणि माणसं सरकत होती.

ती जिना चढून वर आली तेव्हा मसुदेराव दारातच उभे होते. तिने त्यांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, हात-पाय मोजून घेतल्यासारखं.

"लागलं नाही ना कुठे?"

"तू... तू कशी आलीस?"

"तीन विमानं बदलून. कुणी इकडे यायलाच तयार नव्हतं. शेवटच्या विमानात मी आणि एक कुत्रा."

"पण येऊ नका म्हणून लिहिलं होतं!"

"म्हणूनच तर आले!" ती चिडून म्हणाली. "इथे दगड पडताहेत आणि तुम्ही एकटे. रात्री दाराला कडी लावायची तरी आठवण राहते का तुम्हाला? लेकीला म्हटलं, तू बाळाला बघ, मी माझ्या माणसाला बघते. तिलाच सांगितलं होतं, बाबांना कळवू नकोस. नाहीतर पुन्हा नको येऊस म्हणून छापलं असतंत."

साहेब टेबलाखालून बाहेर आले. त्यांच्या चेहऱ्यावर तीन दिवसांनी रक्त आलं. "बाई, तुम्ही सोमवारनंतर बाहेरून आलात? नागरिक आहात? मग इथे सही करा. परिस्थिती शांत आहे, एवढाच जबाब."

"शांत आहे?" तिने फुटकी काच पाहिली. मग मसुदेरावांनी खाली मान घालून सगळी हकीगत सांगितली. नमुना, घाई, राहिलेलं नाव, सगळं.

"म्हणजे काही झालंच नव्हतं," ती म्हणाली. "मग माझं काय काम इथे? करते सही, आणि जाते परत. बाळाला आंघोळ घालायला लेकीला अजून जमत नाही."

साहेबांनी पेन पुढे केलं. मसुदेरावांनी ते मधेच धरलं. त्यांनी घसा साफ केला, कपाटाकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं.

"नको जाऊस," ते म्हणाले. "मला करमत नाही. पाच महिने करमलं नाही."

साहेब छताकडे पाहू लागले. तिने पदराने नाक पुसलं, कागद ओढला आणि सही केली. "किल्ली द्या घराची," ती म्हणाली. "दोन दिवस अंगावर हेच कपडे आहेत." किल्ली घेऊन, बॅगा ओढत, ती मोर्चातून वाट काढत निघून गेली.

सूचना मागे घेतल्याचं पत्रक उतरवायला मसुदेरावांना अर्धा तास लागला. या वेळी त्यांनी देशाचं नाव चार वेळा तपासलं. शिपाई ते घेऊन छापखान्याकडे निघणार, इतक्यात साहेबांच्या टेबलावरचा फोन वाजला. साहेबांनी ऐकून घेतलं, हाताने फोन झाकला आणि शिपायाला थांबायची खूण केली.

"मसुदेराव, तुमच्या घरून फोन आहे. बाई आत्ताच स्वयंपाकघरात शिरल्या. म्हणताहेत, तो जबाब मी परत घेते."