हळदीचा चष्मा

यंदा पलटणनायकाची फीत विश्वंभरच्याच दंडावर लागणार, हे अख्ख्या वसमतला ठाऊक होतं. का नसणार? विश्वंभरनं स्वतः घरोघरी जाऊन सांगितलं होतं!

पोटापाण्यासाठी तो हळदीच्या अडतीवर कारकून होता; पण मनानं, रक्तानं आणि कडक इस्त्रीनं तो होमगार्ड होता. चौदा वर्षं झाली. गणपतीची मिरवणूक असो, मतपेट्यांचा बंदोबस्त असो की पुढाऱ्याची सभा, विश्वंभर काठी घेऊन हजर! पण चौदा वर्षांत दंडावर एक फीत काही चढली नाही. बायकोला, म्हणजे अनुसूयेला, तो दर वर्षी नवं कारण सांगायचा. पूर्वी गोळीबाराच्या सरावाला परभणीला जावं लागायचं. "तिथं सगळे परभणीवाले! आपल्याला कोण विचारून राहिलं?" हे कारण सगळ्यात जास्त टिकलं. मग हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि तेही कारण हातचं गेलं.

यंदा मे महिन्यात हिंगोलीला जिल्ह्याचा स्वतःचा सराव होता. प्रत्येकाला पाच गोळ्या. ज्याच्या जास्त लागतील तो पलटणनायक.

"अनुसया, सुई-दोरा काढून ठेव," विश्वंभर म्हणाला. "रविवारी फीत शिवायची हाय."

"आधी येऊ तर द्या," अनुसूया म्हणाली. तिला चौदा वर्षांचा अनुभव होता.

यंदा एक अट मात्र नवी होती. मागच्या साली पलटणीतल्याच जळबाच्या डोळ्यात जुन्या बंदुकीतली जळकी दारू उडाली, आणि बिचारा दोन महिने अर्धंच जग बघत फिरला. नव्या साहेबांनी ते ऐकलं आणि फर्मान काढलं: डोळ्यावर चष्मा असल्याशिवाय कुणालाही गोळी मिळणार नाही. आणि गोळीबार चालू असताना चष्मा काढला, की तो माणूस बाद! फर्मान अगदी योग्य होतं. चष्मा कुठून आणायचा, एवढं सांगायचं साहेब विसरले.

बाकीच्यांनी धावपळ केली. विश्वंभरनं अभ्यास केला! मागच्या वर्षीच्या ऑलिंपिकचा एक रंगीत फोटो त्यानं वर्तमानपत्रातून कापून ठेवला होता. त्यातल्या नेमबाजाच्या डोळ्यावर पिवळ्या काचेचा चष्मा होता. पिवळ्या काचेतून निशाण ठळक दिसतं, असं खाली बारीक अक्षरात छापलंही होतं. विश्वंभरनं वसमतची चारही चष्म्याची दुकानं पालथी घातली. काळा होता, निळा होता, एक तर गुलाबीही होता. पिवळा मिळेना.

आता हळदीच्या बाजारात आयुष्य घालवलेल्या माणसाला पिवळा रंग मिळत नाही म्हणजे काय! अडतीवर धूळ डोळ्यात जाऊ नये म्हणून त्यानं पांढऱ्या काचेचा, कडेनं बंद असलेला चष्मा घेतला होता. शनिवारी संध्याकाळी त्यानं अडतीवरची डिंकाची बाटली घरी आणली, अनुसूयेच्या डब्यातली मूठभर हळद डिंकात कालवली, फडक्यातून गाळली आणि काचांना आतून एक हात दिला. आतून अशासाठी, की बाहेरून दिला तर धूळ चिकटेल! माणूस विचारी होता.

"काय करून राहिले तुमी माझ्या हळदीचं?" अनुसूया ओरडली. "अन् डोळ्याला काही झालं म्हंजे?"

"हळद औषधी असती, अनुसया!"

चष्मा वाळला आणि खरोखर झकास दिसू लागला. विश्वंभरनं तो लावून बायकोकडं पाहिलं.

"व्वा! तू लग्नातल्यासारखी दिसून राहिलीस!"

"चला, काहीतरीच तुमचं," असं म्हणून ती आत गेली. पण त्या रात्री भाजीवर तेलाची तर्री जरा जास्तच होती.

रविवारी सकाळी हिंगोलीबाहेरच्या टेकडीखाली सगळे रांगेत उभे राहिले, तेव्हा साहेबांनी दोनदा डोळे चोळले. एकानं वेल्डिंगवाल्याची काळी काच सुतळीनं बांधून आणली होती. एकाच्या डोळ्यावर बायकोचा गुलाबी गॉगल होता. पोळलेल्या जळबानं तर वहीचं प्लास्टिकचं कव्हर कपाळापासून हनुवटीपर्यंत गुंडाळलं होतं. विश्वंभरच्या शेजारी त्याच्याच गल्लीतला हनुमान होता. हाही फितीवर डोळा ठेवून होता. पण आज त्या डोळ्यावर त्याच्या बापाला मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मिळालेला, काळाकुट्ट चष्मा होता. हनुमान पाय आपटत दुसऱ्याच दिशेला सलाम ठोकत होता.

साहेब विश्वंभरपुढं थांबले. "हा पिवळा कुठून आणलास?"

"साहेब, ऑलिंपिकमधे हाच वापरतात!"

"बघा!" साहेब सगळ्यांना म्हणाले. "याला म्हणतात तयारी!"

विश्वंभरची छाती इतकी फुगली की खाकी शर्टाचं एक बटण गेलं. फीत आता हातभर अंतरावर होती.

पण वसमतच्या पलटणीचा नंबर लागला साडेअकराला! मे महिना, हिंगोलीचं ऊन, आणि चष्मा कडेनं बंद. आत घाम साचू लागला. डिंकाला आणि काय पाहिजे? तो हळूहळू मऊ झाला. विश्वंभर पाच नंबरच्या जागेवर पालथा झोपला तेव्हा हळद भुवईवरून खाली निघाली होती आणि समोरच्या निशाणांचे नुसते ठिपके उरले होते. डाव्या बाजूला चार नंबरवर हनुमान.

"फायर!"

पहिल्या गोळीचा धक्का बसला आणि चष्मा थापकन तोंडावर बसला. डाव्या डोळ्यात हळद आणि डिंक दोन्ही एकदम गेले. आग आग! डोळा मिटला आणि मिटला तो चिकटलाच! उजवा निम्मा उघडा होता. चष्मा काढावा तर बाद! चौदा वर्षं वाट पाहिली, आता चार गोळ्यांसाठी काय रडायचं? विश्वंभरनं दात आवळले. समोर सगळी पिवळी धुंदी होती आणि त्यात कुठंतरी एक गोल काळा ठिपका हलत होता. त्यानं मनातल्या मनात नागनाथाचं नाव घेतलं आणि त्या ठिपक्यावर उरलेल्या चारही गोळ्या झाडल्या.

निशाणांजवळचा माणूस मोजून ओरडला, "नंबर पाच, शून्य! नंबर चार, पाच!"

"शाबास, चार नंबर!" साहेबांनी हनुमानची पाठ थोपटली. हनुमान तोंड वासून उभा होता. मग ते विश्वंभरकडं वळले. "चष्मा ऑलिंपिकचा आहे," ते म्हणाले, "माणूस वसमतचा आहे."

फीत गेली! विश्वंभरला खरंच रडू आलं. पण पापण्या चिकटलेल्या असल्यामुळं ते बाहेर येईना.

जळबानं त्याला हाताला धरून टाकीपाशी नेलं आणि साबण दिला. आता हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे कुठल्याही बाईला विचारा, ती सांगेल. तिथं बाई नव्हती. विश्वंभरनं तोंड घासघासून धुतलं. डोळे कसेबसे उघडले. पण गालावर पिवळे पट्टे राहिले आणि कपाळावर मधोमध लालभडक टिळा उमटला. खाकी शर्ट सगळा बरबटला होता. जळबानं पिशवीतला आपला पांढरा शर्ट त्याला दिला. वर खांद्यावर तोंड पुसलेला पिवळाधमक टॉवेल. लग्नसराईत अशा अवताराचा माणूस एसटीत चढला तर लोकांनी काय समजावं?

"सरका, सरका! नवरदेवाला जागा द्या!" एक म्हातारा ओरडला.

"अवो, मी नवरदेव न्हाई!"

"लाजून राहिला बिचारा," त्याच्या शेजारची म्हातारी म्हणाली. "काहून रे बाबा, येवढा उशीर केला लग्नाला?"

कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता विचारलं, "वऱ्हाड कुठंय? का पळून आले?"

विश्वंभरनं डोळे मिटून घेतले. तसेही ते जळतच होते. पण औंढ्याला खरंच एक वऱ्हाड गाडीत चढलं! जागा एकच होती, विश्वंभरच्या शेजारची. लोकांनी मुंडावळ्या बांधलेली, हळदीनं पिवळी झालेली नवरी तिथं आणून बसवली. खरा नवरदेव दारात पेट्या सांभाळत लोंबकळत होता, त्याच्याकडं कुणी बघितलंसुद्धा नाही.

आणि त्याच गाडीत चढल्या सुमनबाई! विश्वंभरच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या शेजारीणबाई, नागनाथाचं दर्शन घेऊन परत निघालेल्या. त्यांनी पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"इश्वंभर?" त्यांनी मागून हाक मारली.

आवाज ओळखून विश्वंभरनं टॉवेल तोंडावर ओढला आणि झोपेचं सोंग घेतलं. शरमेनं घेतलं हो! पण सुमनबाईंना आणखी काय पुरावा पाहिजे होता? वसमतला गाडी पुरती थांबायच्या आत त्या उतरल्या आणि रिक्षात बसल्या.

विश्वंभर तोंड झाकून गल्लीगल्लीनं घरी पोचला, तेव्हा ओट्यावर आठ-दहा बाया आणि मधे अनुसूया. तिच्या हातात कपड्यांची पिशवी होती.

"कोण हाय ती?" अनुसूयेनं विचारलं.

"कोण कोण?"

"गाडीतली! मांडीला मांडी लावून बसली व्हती म्हनं!"

"अगं, ती कुणाची तरी नवरी होती!"

"कुणाची तरी?" सुमनबाई म्हणाल्या. "अन् तुझ्या तोंडाला हळद लागली ती काय वाऱ्यानं?"

"काकू, ती... ती गोळीबारात लागली!"

ओट्यावर असा हशा पिकला की समोरची माणसंही बाहेर आली. विश्वंभरनं चष्मा सांगितला, डिंक सांगितला, ऑलिंपिक सांगितलं. जसजसं खरं सांगत गेला तसतसं ते जास्तच खोटं वाटू लागलं. चष्मा दाखवावा तर तो तिथंच टाकीपाशी राहिला होता!

"चष्मा केला, ते म्या बघितलं," अनुसूया म्हणाली. तिनं पिशवी खांद्याला लावली. "पर चष्म्याची हळद कपाळावर टिळा होऊन बसती व्हय? कुंकू कुणी लावलं? पाचच्या गाडीनं मी कुरुंद्याला माहेरी चालले."

तेवढ्यात मोटारसायकल थांबली. हनुमान! दंडावर कोरी करकरीत फीत, हातात पेढ्यांचा पुडा. विश्वंभर देव भेटल्यासारखा त्याच्याकडं धावला.

"हनुमान, सांग रे बाबा! हळद कशानं लागली ते सांग यांना!"

हनुमाननं त्याचा दंड धरला आणि हौदामागं नेलं. "सांगतो, भाऊ. पर आधी एक ऐका. माझी एकबी गोळी निशाणाला लागली न्हाई."

"अन् ती पाच भोकं?"

"ती तुमची! बाच्या चष्म्यातून मला निशाण तर सोडाच, माझी बंदूकबी दिसंना. मी डोळे मिटून पाची गोळ्या टेकडीला दिल्या. मागून चष्मा काढून बघतो, तर तुमी तिरपे पडलेले अन् बंदूक माझ्या निशाणाकडं!"

विश्वंभरच्या अंगावर काटा आला. पाचपैकी पाच! डिंकानं चिकटलेल्या डोळ्यांनी! अख्ख्या जिल्ह्यात असा नेमबाज नव्हता! ओरडून सांगायला तो वळला, तोच हनुमाननं टॉवेल ओढला.

"खुशाल सांगा, भाऊ. माझी फीत जाईल. पर मग हळदीचं मला काही म्हायीत न्हाई. मी चार नंबरवर व्हतो, पाच नंबरकडं बघितलंच न्हाई."

विश्वंभरनं त्या फितीकडं पाहिलं. लाल काठाची, सुबक, त्याची स्वतःची फीत. मग ओट्याकडं पाहिलं. अनुसूया चप्पल घालत होती.

"सांग बाबा," तो म्हणाला. "तुला सांगायचं तसं सांग."

हनुमान ओट्यापुढं उभा राहिला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "वहिनी, भाऊचा काही दोष न्हाई! चष्म्याची हळद घामानं डोळ्यात गेली, अन् साबण लावला म्हणून लाल झाली. मी शेजारीच व्हतो. यांची एकबी गोळी लागली न्हाई. डोळेच मिटले, कशी लागंल? माझ्या मात्र पाचीच्या पाची लागल्या!"

"साबणानं लाल होती खरी," बायांपैकी एक म्हणाली. सुमनबाईंची मोठीच निराशा झाली. त्यांनी दोन पेढे घेतले आणि त्या घरी गेल्या.

अनुसूयेनं पिशवी आत ठेवली, नवऱ्याला ओट्यावर बसवलं आणि खोबरेल तेलाच्या बोळ्यानं त्याच्या पापण्या हलक्या हातानं पुसू लागली. विश्वंभरला वाटलं, फीत गेली तर गेली, ही तर राहिली. त्याला खरंच बरं वाटलं. एवढ्यात ती म्हणाली,

"अवो, येवढा पसारा मांडायचा काहून? भावजींनी बगा, साधा काळा चष्मा लावला अन् पाचीच्या पाची! जरा शिका की त्यांच्याकडून!"

"शिकवतो की, वहिनी," फितीवरची धूळ झटकत हनुमान म्हणाला. "या भाऊ, पुढच्या रविवारी. नेम कसा धरायचा, ते पहिल्यापासून दाखवतो."

सगळी गल्ली विश्वंभरकडं पाहत होती.

"येतो," तो म्हणाला, आणि हनुमाननं पुढं केलेला पेढा त्यानं तोंडात टाकला.