मंजूर वारा

शहापूर-मुरबाड संयुक्त लांब पल्ला नेमबाजी मंडळात नेमबाज चार होते आणि पदाधिकारी एकोणीस. मंडळाच्या प्रगतीचे रहस्य या प्रमाणातच आहे, असे अध्यक्ष साईनाथराव पष्टे प्रत्येक वार्षिक सभेत सांगत. स्वतः साईनाथरावांनी म्हसा गावच्या जत्रेत दोनदा फुगे फोडले होते. उरलेल्या अठरा जणांना तोही अनुभव नव्हता.

चौघांत पल्लवी रोकडे सर्वांत पुढे होती. ती आसनगावची. खर्डीच्या वीज उपकेंद्रावर ऑपरेटर होती. दर तासाला मीटरचे आकडे वहीत उतरवायचे, हे तिचे काम. ही सवय तिने रेंजवरही आणली. रेंज म्हणजे किन्हवलीपलीकडची एक बंद पडलेली दगडखाण. तिथे सहा वर्षे दर सुट्टीच्या दिवशी ती वारा किती, ऊन किती, गोळी कुठे लागली, हे सारे लिहीत आली होती.

लिहावे लागतेच. पॉइंट टू-टूची बारीक गोळी तीनशे मीटरवर पोहोचायला एक सेकंद घेते. तेवढ्यात ती दोन पुरुष उंचीइतकी खाली येते, आणि डोळखांबच्या डोंगरांकडून वारा सुटला की दोन फूट उजवीकडे सरकते. म्हणून बंदुकीच्या दुर्बिणीवरची चकती आधीच किती फिरवायची, याचा हिशेब करावा लागतो. तो करून देणारे सॉफ्टवेअर मिळते. त्याला बॅलिस्टिक कॅल्क्युलेटर म्हणतात. पल्लवीने तीन सॉफ्टवेअर आपल्या मोबाइलवर घेतली, दोन महिने वहीशी ताडून पाहिली आणि त्यातले एक निवडून मंडळाला एका पानाचा अर्ज दिला. त्या वर्षी दोन्ही तालुक्यांतून मिळून एकच नेमबाज राज्य स्पर्धेला जाणार होता. स्पर्धेच्या वयोमर्यादेपर्यंत तिला आता फार वर्षे उरली नव्हती, त्यामुळे अर्जाखाली तिने ‘तातडीचे’ असे लिहिले.

तातडीचे असल्याने अर्ज पाच महिन्यांत सभेपुढे आला. सचिव प्रशांत वेखंडे रोज मुंबईला नोकरीला जाणारा गृहस्थ. जगात काय चालले आहे याची त्याला फास्ट माहिती असे. त्याने विचारले की हे सॉफ्टवेअर कितीला. पल्लवी म्हणाली, फुकट आहे. मग साईनाथरावांनी तिला मायेने समजावले की फुकटची वस्तू मिळते, निवडता येत नाही. निवड म्हटली की निवड समिती आली.

समिती सात जणांची झाली. वाऱ्याचा अभ्यास केल्याशिवाय सॉफ्टवेअर निवडणे बेजबाबदारपणाचे ठरले असते, म्हणून समिती तीन दिवस महाबळेश्वरला गेली. परत आल्यावर तिने अहवाल सादर केला: ‘सदर ठिकाणी वारा आढळून आला.’ अहवालाला छायाचित्रे जोडली होती. त्यांत सातही जणांचे केस उडत होते, सबब पुराव्याबाबत शंका घेण्यास जागा नव्हती.

त्यानंतर शंभर गुणांची तुलना पत्रिका तयार करण्यात आली. मराठी भाषेला तीस गुण, पदाधिकाऱ्यांच्या फोटोंसाठी जागा असल्यास वीस, हजेरीची सोय असल्यास वीस, सणासुदीच्या शुभेच्छा आपोआप जात असल्यास पंधरा, रंगसंगतीला दहा आणि अचूकतेला पाच. अचूकता तपासायला बंदूक चालवावी लागली असती. ते समितीतल्या कोणाला येत नव्हते आणि नेमबाजांना समितीत घेणे म्हणजे पक्षपात झाला असता. तेव्हा कोणावरही अन्याय नको म्हणून सर्वांना अचूकतेत पाचपैकी पाच देण्यात आले. पल्लवीने सुचवलेल्या सॉफ्टवेअरला एकूण गुण पाचच मिळाले.

शंभरपैकी शंभर मिळाले ते ‘लक्ष्यपूर्ती’ या सॉफ्टवेअरला. ते प्रशांत वेखंडेच्या मेहुण्याने मुळात लग्नाच्या हॉलच्या बुकिंगसाठी बनवले होते. त्याने ‘वरपक्ष’ खोडून ‘नेमबाज’ आणि ‘वधूपक्ष’ खोडून ‘लक्ष्य’ असे केले, आणि दोन्ही पक्षांमधले अंतर मीटरमध्ये घेतले. जेवणाची पाने किती, हा रकाना काढायचा राहून गेला होता. तिथे आकडा भरल्याशिवाय पुढचे पान उघडत नसे. गोळी किती खाली येते, त्या उंचीचा हिशेब मेहुण्याला जमेना, म्हणून प्रशांतने पल्लवीची वही एक दिवसासाठी मागून नेली आणि तिच्यातले आकडे जसेच्या तसे चढवले. वाऱ्याचा रकाना मात्र अध्यक्षांच्या सहीने भरायचा ठरला. वारा हा धोरणात्मक विषय होता.

साईनाथरावांनी रेंजवर येऊन सर्व बाजूंनी विचार केला. त्यांची टोपी एकदा उडाली, ती धाऊने पळत जाऊन आणली. धाऊ हा रेंजवर निशाणाचे कागद लावणारा आणि काढणारा जवळच्या पाड्यावरचा माणूस. टोपी घालून साईनाथराव पल्लवीला म्हणाले, “ताई, आपल्या रेंजवर वारा आहे असं कागदोपत्री गेलं, तर उद्या वरचे लोक म्हणतील, जागा सदोष आहे. मान्यता जाईल. आपल्याच मंडळाची आपण बदनामी करायची का?”

वारा शून्य मंजूर झाला. सूचक मुरबाडचे, अनुमोदक शहापूरचे. दोन्ही तालुक्यांचे एकमत होण्याची ती पहिलीच वेळ, त्यामुळे ठरावावर टाळ्या पडल्या.

निवड चाचणी मार्गशीर्षातल्या एका सकाळी झाली. नियम असा होता की प्रत्येक नेमबाजाला सॉफ्टवेअर एक स्लिप काढून देईल आणि दुर्बिणीची चकती त्या स्लिपप्रमाणेच लावून तिचा आकडा सॉफ्टवेअरमध्ये भरावा लागेल. पल्लवी रेंजवर उतरली तेव्हा खाणीच्या कडेचे गवत आडवे झाले होते. तिने प्रशांतला बाजूला घेऊन सांगितले की आज डावीकडून जोराचा वारा आहे, शून्यावर ठेवून एकही गोळी कागदाला लागायची नाही. प्रशांत घड्याळ बघत होता. तो म्हणाला, “वारा आहे, मी कुठं नाय म्हणतो? पण मंजूर नाय ना. तुमी टाइमावर हरकत घ्यायला पायजे होती.”

पहिल्या तिघांनी स्लिपप्रमाणे चकती लावली आणि प्रत्येकी दहा गोळ्या झाडल्या. तीसही गोळ्या कागदाच्या उजवीकडच्या दगडावर आपटल्या. उंची मात्र चोख होती, ती पल्लवीच्या वहीतली होती. दगडाचा भुगा उडताना सर्वांना दिसला. सॉफ्टवेअरच्या पडद्यावर मात्र तिघांच्याही नावापुढे शंभर गुण उमटले. सॉफ्टवेअरचे गणित सरळ होते. ज्याने चकती स्लिपप्रमाणे लावली, त्याची गोळी मधोमधच लागली पाहिजे. आणि जी लागलीच पाहिजे, ती लागली असे धरायला कोणाची हरकत असणार?

पल्लवी आडवी झाली. गालावर वारा लागत होता. सहा वर्षांत अशा वाऱ्याची बावीस पाने तिने लिहिली होती. तिने स्लिप खिशात घातली, चकती आपल्या हिशेबाने फिरवली, तोच आकडा सॉफ्टवेअरमध्ये भरला आणि वारा किंचित ओसरे तेव्हा थांबत, पुन्हा भरून येई तेव्हा झाडत, शांतपणे दहा गोळ्या संपवल्या. धाऊ तीनशे मीटर चालत जाऊन कागद घेऊन आला. दहा भोके होती, त्यांतली सहा मधल्या काळ्या ठिपक्यात. सहा वर्षांत तिने याहून चांगला कागद पाहिला नव्हता.

पडद्यावर तिच्या नावापुढे शून्य आले. तिने चकती जशी लावली त्यावरून गोळ्या कागदाच्या दोन फूट डावीकडून जायला हव्या होत्या, असे सॉफ्टवेअरचे म्हणणे पडले. मग भोके कुणाची, हा प्रश्न उभा राहिला. समिती जागेवरच बसली. मंडळाच्या मालकीच्या कागदाचे अज्ञात कारणाने नुकसान झाले, असे टिपण झाले आणि धाऊला खुलासा विचारण्यात आला. धाऊने कागद उन्हासमोर धरला. दहा ठिकाणांहून उजेड आला.

“सायेब, भोक तर हाय,” तो म्हणाला.

“भोक असणं वेगळं आणि गुण असणं वेगळं,” साईनाथराव म्हणाले. “भोक पाडणं हा मंडळाचा उद्देशच नाही. घटनेत बघा.”

घटनेत ‘नेमबाजीचा विकास’ असे होते. पल्लवीला एक वर्षासाठी निलंबित करण्यात आले. बरोबरीत राहिलेल्या तिघांतून ज्याचा गणवेश इस्त्रीचा होता, तो राज्य स्पर्धेला गेला आणि तिथे दहाही गोळ्या बाहेर टाकून आला. मंडळाने लगेच वर कळवले की राज्य पातळीवर सॉफ्टवेअरचा अभाव असल्याने आमच्या गुणी खेळाडूचे नुकसान झाले. वरून पाहणी पथक आले. एका मंडळात तीन जण शंभरपैकी शंभर घेतात, हे पाहून पथक थक्क झाले आणि पुढच्या वर्षापासून ‘लक्ष्यपूर्ती’ राज्यभर लागू झाले.

पल्लवीने तो कागद उपकेंद्रावर टेबलाच्या काचेखाली ठेवला होता. येणारे जाणारे बघत, बोटाने भोके मोजत, आणि मग किती गुण पडले म्हणून विचारत. शून्य म्हटले की बोट काढून घेत. सगळी शहाणी माणसे होती, तिचे भले चिंतणारी. त्यांचे म्हणणे एकच होते: नियमाप्रमाणे चकती लावली असती तर काय बिघडले असते? शंभर मिळाले असते. आई गोजाबाईनेही एकदा जेवताना तेच म्हटले. वर म्हणाली, “बाय, खरं तुझंच हाय. पण चार मानसांत मिळून ऱ्हावा लागतं.” पल्लवीने भाकरी मोडली.

तिला मंडळात परत घेण्यासाठी माफीपत्राचा मसुदा मंडळानेच पाठवला होता. ‘माझ्या गोळ्या अनवधानाने लक्ष्यास लागल्या, याबद्दल मी दिलगीर आहे. पुन्हा असे होणार नाही.’ ती तो आठवडाभर पर्समध्ये घेऊन फिरली. वयोमर्यादेचे शेवटचे वर्ष होते. आठव्या दिवशी तिने सही केली.

चाचणीच्या सकाळी वारा गेल्या वर्षीसारखाच होता आणि शून्य मंजूर होता. पल्लवी आडवी झाली. चकती स्लिपप्रमाणे शून्यावर ठेवली, जेवणाच्या पानांचा आकडा भरला, चकतीचा भरला आणि बटण दाबले. बंदुकीत गोळी घालायला हात पुढे केला, तोच मागे टाळ्या वाजल्या. पडद्यावर शंभर आले होते. तिने मान वळवून पाहिले. सगळे पडद्याकडे बघत होते. दहा गोळ्यांची डबी तिच्या कोपराशी बंद होती. क्षणभर तिला वाटले, ओरडून सांगावे. मग ती उठली आणि तिने पँटवरची माती झटकली.

धाऊ लांबून कोरा कागद घेऊन येत होता. जवळ आल्यावर त्याने हळूच विचारले, “ताय, गोळी कवा सुटली गो? आवाज नाय आला.”

“सुटली असंल,” पल्लवी म्हणाली. तिने तो कागद त्याच्या हातातून घेतला, चार घड्या घातल्या आणि साईनाथरावांपुढे हारासाठी मान वाकवली.

हार घातलेला तो फोटो दोन्ही तालुक्यांतल्या सगळ्या ग्रुपवर फिरला. ‘आपल्या मातीतली लेक, शंभरपैकी शंभर’ असे खाली लिहिले होते. तुमच्याही ग्रुपवर आला होता. तुम्ही अंगठा दाखवलात, अभिमान वाटतो असे लिहिलेत आणि पुढे पाठवलात. कागद दाखवा, असे तेवढे तुमच्यापैकी कोणी म्हटले नाही.