एका ठिकाणी बदला, सगळीकडे बदलेल!

"एका ठिकाणी नाव बदला, सगळीकडे आपोआप बदलेल!" भाचेबुवांनी छाती फुगवून सांगितलं. ऐकणारी होती त्यांची सख्खी आत्या, म्हणजे ऑफिसातल्या हिशेब विभागाच्या मॅडम. तिनेच शब्द टाकून भाच्याला इथे चिकटवलं होतं, तेही दोन अटींवर: ऑफिसात आत्या म्हणायचं नाही आणि मान खाली घालायला लावायची नाही. त्याची नोकरी कायम करायची की नाही, हे साहेब आजच ठरवणार होते.

काम तसं सरळ. सगळ्यांची माहिती लॉगिनच्या सर्व्हरवर असायची. तिथे काही बदललं, की तो बदल बाहेरच्या माहितीसाठ्यात उतरवायचा. दारांवरच्या डिजिटल पाट्या, ईमेल, स्वागतकक्षातला मोठा स्क्रीन, सगळे त्या साठ्यातूनच नावं उचलत. शिवाय सर्व्हरवर टोपणनावाचाही एक रकाना होता, पासवर्ड विसरल्यास ओळख पटवायला. स्वतःचा रकाना मात्र भाच्याने लाजेपोटी रिकामा ठेवला होता.

"कुणाला दिसणार नाही ना रे?" आपलं टोपणनाव भरताना आत्याने विचारलं होतं.

"आत्या... मॅडम! जीव गेला तरी नाही!"

गंमत अशी, की अरुंद खिडकीत 'पूर्ण नाव' आणि 'टोपणनाव' या दोन्ही मथळ्यांची फक्त शेपटं दिसत होती: 'नाव' आणि 'नाव'. भाचेबुवांनी त्यातलं एक झोकात साठ्याला जोडलं, बटण दाबलं आणि चहाला गेले.

परतले तर स्वागतकक्षात हशा! स्क्रीनवर ठळक अक्षरांत 'संचालक: गुंड्या'. खाली 'हिशेब प्रमुख: ठमी'. समोर बाहेरगावचे पाहुणे, शेजारी लालबुंद साहेब.

"हे गुंड्यासाहेब कोण?" पाहुण्यांनी विचारलं.

"आहेत एक," साहेब पुटपुटले.

भाचा धावत जागेवर पोचला. घाबरून त्याने सगळी टोपणनावंच पुसली. तो बदलही इमानेइतबारे सगळीकडे गेला. पाट्या कोऱ्या करकरीत! शेवटी खरा रकाना जोडला, पण तोवर शिपाई "ठमीमॅडम, सही!" म्हणून गेलासुद्धा होता.

आत्या केबिनमध्ये चष्मा काढून बसली होती. ओरडली असती तर परवडलं असतं.

"ठमी फक्त माझी आई म्हणायची रे मला," ती म्हणाली.

भाच्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर बघायचीही लाज वाटत होती.

"चुकलो, आत्या."

"मॅडम!" तिने चष्मा चढवला. "गुंड्या... साहेबांना मी समजावते. तू मला एवढंच दाखव, नाव बदलतात कुठे?"

त्याने मुकाट्याने दाखवलं. बदलायचा अधिकारही देऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी स्क्रीनवर त्याचं अभिनंदन झळकत होतं. नोकरी कायम! स्क्रीनवर, दारावर, ईमेलमध्ये, सगळीकडे एकच नाव: शेंबड्या.

पहिल्यांदाच सगळं बिनचूक उतरलं होतं.