अनुज्ञेय टिचकी

आमच्या प्रयोगशाळेत व्हॉल्व्ह नापास होत नाहीत. गेल्या अकरा वर्षांत एकही झालेला नाही. यात व्हॉल्व्हचं श्रेय किती आणि माझं किती, हे सांगायला माझा विनय आड येतो.

मी वादिराज गलगली. आमचं घराणं बंगळुरात तीनशे वर्षांपासून आहे. मराठी आम्ही घरात बोलतो आणि रिक्षावाल्याशी भांडण कन्नडमधून करतो. हुद्दा वरिष्ठ विश्वसनीयता अधिकारी. घर येलहंकाला, नोकरी बोम्मसंद्र्याला, म्हणजे शहराच्या एका टोकाला झोपून दुसऱ्या टोकाला जागा होतो. अणुवीज केंद्रांत बसवायच्या व्हॉल्व्हची विश्वासार्हता तपासणं हे आमचं काम. मालाच्या खेपेतून एक नमुना उचलायचा, तो यंत्रावर चढवायचा, दोन हजार वेळा उघडायचा आणि दोन हजार वेळा बंद करायचा. त्याने निमूटपणे सगळं केलं की मी सही करतो. मग तो आणि त्याचे भाईबंद अशा खोलीत बसतात, जिथे केंद्र चालू असताना माणसाने पाऊल ठेवायचं नसतं. आत काही बिघडलं आणि थंड पाणी सोडायची वेळ आली, तर ते त्या व्हॉल्व्हनेच सोडायचं. मदतीला कुणी जाऊ शकत नाही.

नियमाप्रमाणे प्रत्येक उघडमीट केंद्राच्या निरीक्षकासमोर व्हावी लागते. आमच्याकडे निरीक्षक म्हणून सुचेता मॅडम येतात. त्या पहिली उघडमीट पाहतात, शेवटची पाहतात आणि मधल्या एक हजार नऊशे अठ्ठ्याण्णव कॅन्टीनमध्ये बसून श्रद्धेने पाहतात. या व्यवस्थेबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. कॅन्टीनची तर मुळीच नव्हती.

ही गोष्ट एका मंगळवारची. अठ्ठेचाळीस व्हॉल्व्हच्या खेपेतला नमुना यंत्रावर होता. यंत्राशी सिद्धी उभी होती. सिद्धी नागपूरची, एचएसआर लेआउटमध्ये तीन मैत्रिणींबरोबर राहते, आमच्याकडे रुजू होऊन तिला दोनच महिने झाले होते. त्यामुळे जे दिसेल ते ती लिहायची.

"सर, हा उघडून नाही राहिला," ती म्हणाली. "अकराशे सतरावी उघडमीट चालू होती. बंद झाला तो बंदच. आठ मिनिटं झाली."

मी जाऊन पाहिलं. व्हॉल्व्ह बंद होता आणि बंद राहण्याचा त्याचा निर्धार दिसत होता. माझ्या हातून पुढे जे झालं त्यात बुद्धीचा काही भाग नव्हता. माझे वडील रेडिओला जे करत, मी रिमोटला जे करतो, तेच झालं. व्हॉल्व्हच्या डोक्यावर हवा सोडणारी एक छोटी डबी असते. तिला मी उजव्या हाताच्या मधल्या बोटाने एक टिचकी मारली. व्हॉल्व्ह फस्स करून उघडला.

"झालं," मी म्हणालो. "चालू दे."

"पण अडकला होता ना, सर. डबी उघडून बघू का? अर्ध्या तासाचं काम आहे."

"नको. उघडली तर उघडली असं लिहावं लागेल."

तिने मान हलवली आणि नोंदवहीत लिहिलं: 'अकराशे सतराव्या वेळी अडकला. आठ मिनिटं बंद. गलगली सरांनी टिचकी मारली. उघडला.' निळ्या शाईत, सुवाच्य अक्षरात. त्या वहीची पानं क्रमांक घातलेली असतात. फाडता येत नाहीत. 

मी तिला प्रेमाने समजावलं. म्हटलं, अगं, 'अडकला' हा फार टोकाचा शब्द आहे. 'प्रतिसादास किंचित विलंब' असं लिही. ती म्हणाली, "आठ मिनिटं किंचित नसतात, सर." मग म्हटलं, टिचकीचं तरी खोड. त्यावर ती म्हणाली, "मग तो आपल्या मनाने उघडला असं होईल ना?" या मुलीला पुढे फार त्रास होणार आहे, असं मला वाटलं आणि खरं सांगायचं तर तिचा थोडा हेवाही वाटला.

प्रकरण संचालकांकडे गेलं. आमचे संचालक पद्मनाभ सर जुने बंगळुरकर, प्रत्येकाच्या नावापुढे 'राव' लावावं तसं कन्नड 'अवरे' लावतात, हयातीत कधी आवाज चढवलेला नाही. त्यांनी नोंद तीनदा वाचली.

"वादिराज अवरे, हे बरं नाही झालं. अडकला म्हणजे नापास. नापास म्हणजे अठ्ठेचाळीस परत. खोडावं, तर ती खाडाखोड. काय करायचं?"

इथे मी गप्प बसलो असतो तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण मला कल्पना सुचली. मला कल्पना सुचतात हा माझा जुना आजार आहे.

"सर, खोडायचं कशाला? व्हॉल्व्ह अडकणं हा दोष, कारण टिचकी कार्यपद्धतीत नाही. टिचकी कार्यपद्धतीत घातली, की तो अडकला नाही. टिचकीची वाट पाहत थांबला."

पद्मनाभ सर उठले. त्यांनी माझा हात हातात घेतला. दुपारपर्यंत मी 'परिशिष्ट ड : अनुज्ञेय टिचकी' लिहून काढलं. 'चाचणीदरम्यान व्हॉल्व्हने प्रतिसाद न दिल्यास अधिकृत व्यक्ती अधिकृत बोटाने अधिकृत जागी एक टिचकी मारू शकेल. सदर टिचकी हा व्हॉल्व्हच्या कार्याचा भाग समजण्यात येईल.' इतकं सुबक वाक्य मी यापूर्वी लिहिलं नव्हतं. संध्याकाळी बसमध्ये मी ते मनातल्या मनात दोनदा म्हटलं.

सुचेता मॅडमनी परिशिष्ट वाचलं. मला वाटलं, आता फाडतील. पण त्या कागदाच्या बाबतीत अत्यंत कडक आहेत.

"टिचकीला माझी हरकत नाही," त्या म्हणाल्या. "पण चाचणीत वापरलेलं प्रत्येक उपकरण प्रमाणित हवं. बोटाचं प्रमाणपत्र कुठाय?"

बोटाचं प्रमाणपत्र नव्हतं. मग ते काढावं लागलं. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका मापन केंद्रात मी सलग तीन दिवस एका तबकडीला टिचक्या मारल्या. पहिल्या दिवशीचा जोर आणि तिसऱ्या दिवशीचा जोर जुळेना. तिथल्या माणसाने शोधून काढलं की मध्ये मी नखं कापली होती. तेव्हा ठरलं की त्या बोटाचं नख अडीच मिलिमीटर ठेवायचं. जेवणापूर्वी आणि जेवणानंतर जोर वेगळा पडतो असंही निघालं, म्हणून टिचकी उपाशीपोटी मारायची असं कलम आलं. शेवटी बोटाला अनुक्रमांक मिळाला आणि त्यावर एक गोल हिरवं लेबल चिकटवलं गेलं: 'प्रमाणित. वैधता एक वर्ष. अनधिकृत वापर करू नये.'

त्या लेबलसकट मी घरी गेलो. माझी बायको श्रीविद्या शाळेत गणित शिकवते. तिने माझ्या बोटाकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही. अठरा वर्षांच्या संसाराने ती शहाणी झाली आहे. कुकर चढवलेला होता. शिट्टी होत नव्हती. मी सवयीने पुढे झालो, लेबल आठवलं, तसा डाव्या हातात चमचा घेतला आणि शिट्टीवर टक् केलं. शिट्टी झाली.

"काय केलंत?" श्रीविद्याने विचारलं.

"काही नाही. जरा अडकली होती. आता झाली की."

तिने गॅस बंद केला, कुकर थंड होऊ दिला आणि शिट्टी काढून केराच्या डब्यात टाकली.

"अगं, चालत होती ती!"

"ठोकल्यावर चालते म्हणजे चालत नाही, अहो. शेजारच्या सुप्रीताकडे बघितलंत ना, कुकर फुटून डाळ छतावर गेली ती? नशीब, पोरं बाहेर होती. सरी, ठीक आहे, उद्या येताना नवी शिट्टी आणा. आज बाहेरून इडली आणू."

मी तिला समजावणार होतो की शिट्टी तडकाफडकी टाकण्यापूर्वी एखादी समिती, निदान एखादं परिशिष्ट असायला हवं. पण तिने ओटा पुसायला घेतला होता. दुसऱ्या दिवशी मी शिट्टी आणली आणि त्याच दिवशी व्हॉल्व्हची चाचणी पुढे चालू केली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे, असं मला तेव्हा वाटलं नाही. वाटू दिलं नाही, असं म्हणणं जास्त खरं.

उरलेल्या उघडमिटीत व्हॉल्व्ह आणखी सहा वेळा थांबला. मी सहा वेळा उपाशीपोटी टिचकी मारली. सहाही वेळा तो उघडला. सिद्धीने सहा नोंदी केल्या. 'अडकला' हाच शब्द, तीच निळी शाई. मी अहवालात लिहिलं: 'टिचकीची विश्वासार्हता शंभर टक्के.' हे वाक्य खोटं नव्हतं, यावर मी आजही ठाम आहे. माल रवाना झाला. पद्मनाभ सरांनी सगळ्यांना म्हैसूरपाक वाटला.

दीड महिन्याने केंद्राकडून पत्र आलं. पद्मनाभ सरांनी मला बोलावून खुर्ची दिली, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

"अभिनंदन, वादिराज अवरे. वाचा."

पत्र असं होतं: 'आपल्या परिशिष्ट ड नुसार सदर व्हॉल्व्ह अधिकृत बोटासह प्रमाणित झाले आहेत. बोटाशिवाय त्यांचा वापर हा प्रमाणपत्राचा भंग ठरेल. तरी व्हॉल्व्हबरोबर राहून गेलेला खालील सुटा भाग त्वरित पाठवावा: बोट, अनुक्रमांक शून्य शून्य एक, एक नग, संलग्न व्यक्तीसह. केंद्र चालू असताना व्हॉल्व्हच्या खोलीत प्रवेश निषिद्ध असल्यामुळे सदर व्यक्तीने खोली बंद होण्यापूर्वी आत हजर राहावे. खोली पुढील देखभालीच्या वेळी, म्हणजे अंदाजे अठरा महिन्यांनी, उघडण्यात येईल.'

"सर, त्या खोलीत माणूस जगत नाही," मी म्हणालो.

"पत्रात तसं काही लिहिलेलं नाही," पद्मनाभ सर म्हणाले. "'संलग्न व्यक्ती' म्हटलंय. जिवंत असं म्हटलेलं नाही."

"सर!"

"स्वल्प शांत व्हा. मी विचारलं त्यांना. ते म्हणाले, आम्ही काय करणार, तुमच्याच परिशिष्टात आहे. खरंय हो ते. छान लिहिलंय तुम्ही, सदर टिचकी हा व्हॉल्व्हच्या कार्याचा भाग. आता भाग म्हटल्यावर..."

 त्या खोलीबद्दल अकरा वर्षं मी अहवालात 'प्रतिकूल परिस्थिती' असं लिहीत आलो होतो. त्या दिवशी पहिल्यांदा ती मला डोळ्यांसमोर दिसली. बाहेर चारशे माणसांची पाळी, त्यापलीकडे त्यांच्या वसाहती, शाळा, आणि आत भिंतीशी मी, उपाशीपोटी, एक बोट पुढे करून, आणि उघडायचं की नाही हे ठरवत बसलेले अठ्ठेचाळीस व्हॉल्व्ह. चारशे माणसं तिथे पहिल्यापासूनच होती. ती मला याआधी का दिसली नाहीत, याचं उत्तर माझ्याजवळ आहे, पण ते लिहायची लाज वाटते.

मी धावत सिद्धीकडे गेलो. "ती वही कुठाय?"

तिने वही काढून दिली. सातही नोंदी जागच्या जागी होत्या. मी त्यांच्या प्रती काढल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा साध्या मराठीत आणि साध्या इंग्रजीत केंद्राला एकेक पत्र लिहिलं. व्हॉल्व्ह सात वेळा अडकला. तो नापास आहे. टिचकी हे ढोंग आहे आणि ते माझं आहे. खाली सही केली. अकरा वर्षांतली ती सगळ्यांत सुंदर सही आली.

अठ्ठेचाळीस व्हॉल्व्ह परत आले. सिद्धीने पहिली डबी उघडली. आत नळाला गुंडाळतात त्या पांढऱ्या टेपचा नखाएवढा तुकडा होता. एकतीस डब्यांत तसाच तुकडा निघाला. पहिली डबी उघडायला तिला पंचवीस मिनिटं लागली. अर्धा तास म्हणाली होती.

पुढचं थोडक्यात सांगतो. वार्षिक समारंभात मला 'निर्भय सत्यनिष्ठा' पुरस्कार मिळाला. शाल, नारळ आणि एक फिरता चषक. सुचेता मॅडम माझ्याबद्दल चार गौरवाचे शब्द बोलल्या. मी तो पुरस्कार घेतला. सिद्धीला ज्ञापन मिळालं, कारण नोंदवहीत काळी शाई वापरायची असते. तिने ते वाचलं, घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि मला म्हणाली, "सर, एक विचारू? बोट नसतं बोलावलं, तर लिहिलं असतं का तुम्ही?"

"अर्थात!" मी म्हणालो. ती हसली. वाईट हसली नाही, त्यामुळे जास्त लागलं. नसतं लिहिलं. मीही अडकलेलाच होतो; मला टिचकी बसली म्हणून उघडलो.

असो. तुम्ही मघापासून माझ्यावर हसताय, त्याबद्दल तक्रार नाही. फक्त एक विचारायचं आहे. तुमच्या मुलाच्या शाळेच्या बसचं मागचं दार ड्रायव्हरने गुडघा लावल्याशिवाय बसत नाही, हे तुम्ही रोज सकाळी बघता. पुढच्या काचेवर तपासणीचं प्रमाणपत्रही बघता. परवा एक नवे पालक घाबरले, तेव्हा तुम्हीच त्यांना सांगितलंत, "काही नाही हो, जरा गुडघा लावला की बसतं." माझ्या परिशिष्टापेक्षा चांगलं वाक्य आहे, छोटं आणि सोपं. मग तुम्ही हात हलवून टाटा केलात आणि घरी आलात.

त्या खोलीत मला बसवणार होते, म्हणून मी पत्र लिहिलं. बसमध्ये तुम्ही बसत नाही.